नऊ नंबरचा तुकडा

निपाणीच्या त्या तंबाखूचोरीची गोष्ट निघाली, की आजही माझा हात नकळत खिशातल्या रुपयाकडे जातो. खून, दरोडे असे पुष्कळ तपास मी केले. त्यांतले काही वर्तमानपत्रांत गाजलेही. पण सगळ्यांत अभिमानाचा तपास कोणता असे कोणी विचारले, तर मी हाच सांगतो. यात रक्त नाही आणि पाठलागही नाही. निम्मा तपास मी चुकीचा केला, हेही आधीच सांगून टाकतो. माणसांची नावे देत नाही. त्यांतली काही अजून हयात आहेत, आणि गुन्हा करणाऱ्यांच्या मुलाबाळांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही.

स्वातंत्र्याच्या सात-आठ वर्षे आधीची ही गोष्ट. मी निपाणी ठाण्याला फौजदार होतो, तिशीही गाठली नव्हती. गावाबाहेर काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर सरकारी खात्याचा तंबाखूचा प्रयोग चालू होता. मुंबईच्या एका कंपनीने हाडांची पावडर खत म्हणून बाजारात आणली होती. ती घातली की तंबाखू सव्वापट येतो, असे कंपनीचे म्हणणे. ते खरे की खोटे, हे ठरवायला हा प्रयोग होता. चिकोडीपासून संकेश्वरापर्यंतचे शेतकरी निकालाची वाट पाहत होते, कारण सरकारने होकार दिला की पुढच्या हंगामात गाड्या भरभरून पावडर खपणार होती.

प्रयोगाची रीत मला तेव्हा पोरखेळ वाटली होती. शेताचे आठ पट्टे पाडलेले. प्रत्येक पट्ट्यात शेजारी शेजारी दोन सारखे तुकडे. म्हणजे सोळा तुकडे, आणि प्रत्येकावर नंबराची खुंटी. प्रत्येक पट्ट्यात एका तुकड्याला पावडर, दुसऱ्याला काही नाही. कोणत्या तुकड्याला पावडर द्यायची हे माणसाने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. चिठ्ठ्या बेळगावच्या कचेरीत निघाल्या, त्यांची यादी लिफाफ्यात घालून लाखेने बंद केली आणि कपाटात ठेवली. तिची एक नक्कल शेतावरच्या सुपरवायझरने आपल्या वहीत उतरवून घेतली. पावडर टाकणाऱ्या बायका सोडल्या, तर बाकी कोणाला काही माहीत नाही. खुंटीवर नुसता नंबर.

पीक चांगले आले. माघात झाडे बुडातून कापून शेतातच वाळत घातली. ती वाळत असताना गावची जत्रा आली आणि जत्रेच्या दुपारी चोरी झाली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर ठाण्यात आला. कुंपण एका जागी मोडलेले, गाडीच्या चाकोऱ्या उमटलेल्या आणि वाळणाऱ्या झाडांच्या ओळी विरळ झालेल्या. किती माल गेला हे त्याला सांगता येईना, कारण उरलेलाही जाईल या भीतीने त्याने बायका लावून सगळा माल गोळा केला होता आणि तुकड्या-तुकड्याचा वेगळा ढीग करून शेडमध्ये टाकला होता. मी फिर्याद लिहून घेतली, जागेचा पंचनामा केला. चाकोऱ्या डांबरी रस्त्याला लागून नाहीशा झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी खबर आली. खबर देणारा कंपनीचा एजंट. राहायला संकेश्वरला, अंगात कोट, बोलणे गोड. ठाण्यात आला की हवालदारालाही आधी नमस्कार करायचा.

"फौजदारसाहेब," तो म्हणाला, "घरचा माणूस सोडून बाहेर कशाला शोधता? राखणदाराची खोपी बघा. आणि जत्रेच्या दुपारी तो कुठे होता, एवढे फक्त विचारा."

उठता उठता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. "आमच्या प्रयोगाची काळजी करू नका. चोर काही यादी बघून चोरत नाही. गेले ते दोन्हीकडचे सारखेच गेले असणार. म्हणजे निकाल जसाच्या तसा राहतो."

मला ते बोलणे अगदी सरळ वाटले. मी मान डोलावली.

राखणदार पन्नाशीच्या पुढचा, हडकुळा, निरक्षर. बापाच्या वेळेपासून लोकांची शेते राखणे हाच धंदा. पीक गुडघ्याला आल्यावर त्याला कामावर घेतला होता, त्यामुळे पावडर कुठे पडली हे त्याने पाहिले नव्हते. त्याच्या खोपीत तंबाखूची एक जुडी सापडली. त्याला उभा करून मी विचारले, "जत्रेच्या दुपारी कुठे होतास?"

"शेतावरच की सायेब. कुटं जानार?"

"ही जुडी?"

"ती मूठ हाय. दिवसाचं काम झालं की मूठभर पान देत्यात समद्यांस्नी. बायकांनाबी इचारा."

मुठीची रीत त्या भागात होतीच. पण हवालदार दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या दहा जणांचे जबाब घेऊन आला. राखणदार दुपारी पालखीबरोबर होता, छत्री धरून. म्हणजे तो माझ्याशी खोटे बोलला होता. माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला. तरुण फौजदाराला एक खोटे सापडले, की बाकीचे सगळे तो आपल्या मनानेच भरून काढतो. मी त्याला दोन दिवस उभे ठेवले, झोपू दिले नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

शेवटी त्याने एवढेच कबूल केले, "छत्रीचा मान आमच्या घरात हाय, सायेब. माझ्या आज्ज्यापासनं. न्हाय गेलो तर पालखी उटत न्हाय. सुपरवायझर सायबांस्नी कळलं तर काम जाईल म्हनून न्हाय बोललो. गेलतो, दोन घटका गेलतो. पर चोरी न्हाय केली."

"साथीदार कोण होते?"

"चोरीच न्हाय केली तर साथीदार कुटनं आनू?"

मी त्याची रवानगी बेळगावला केली. न्यायाधीशांनी कोठडी दिली आणि तो हिंडलग्याच्या तुरुंगात कच्च्या कैद्यांत जाऊन पडला. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही, मागायची नाही. एके दिवशी तिने मला विचारले, "आण्णा, ते सुटलं तरी आता त्येंच्यावर कोन शेत सोपवनार?" चोर ठरलेल्या राखणदाराला त्या मुलखात कोणी कुत्र्याच्या जागीही उभे केले नसते, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

चार्जशीट लिहायला घेतले होते, तेवढ्यात पुण्याहून खात्याचा गणिती आला. प्रयोगाचे आकडे तपासून निकाल काढणे हे त्याचे काम. पोरगेलासा, चष्मा लावलेला, हातात लोखंडी पेटीएवढे एक यंत्र. त्याचे हँडल फिरवले की आत गुणाकार-भागाकार व्हायचे आणि चक्कीसारखा आवाज यायचा. हा गणिती मूळचा शहापूरचा, साड्या विणणाऱ्यांच्या घरातला. दोन दिवस तो शेडमध्ये सुपरवायझरची वही आणि वजनाचे आकडे घेऊन बसला, तिसऱ्या दिवशी सकाळी थेट ठाण्यात आला.

"फौजदारसाहेब, तुमच्या चोराला गणित येतं का?"

"त्याला सहीसुद्धा येत नाही."

"मग तुम्ही चुकीचा माणूस धरलाय."

कालच्या पोराने ठाण्यात येऊन असे बोलावे, याचा मला राग आला. तरी बसायला सांगितले. त्याने टेबलावर कागद पसरला.

"आठ पट्ट्यांपैकी सात पट्ट्यांत पावडरीचा तुकडा जिंकलाय. एका पट्ट्यात, पाचव्यात, तो हरलाय. इथपर्यंत ठीक. पण सातही ठिकाणी तो जवळजवळ सारख्याच मापाने जिंकलाय आणि पाचव्यात त्याच मापाने हरलाय. जमीन असं करत नाही. कुठे पाणी जास्त, कुठे मुरूम वर आलेला. फरक कमीजास्त पडायचाच. आमच्या घरी मागावर सूत तुटतं, पण दर हातावर एकदा असं मोजून तुटायला लागलं, तर वडील सूत सोडून माणसाकडे बघायचे."

"मग काय करायचे?"

"खोडं मोजायची. झाड कापलं तरी बुडखा जमिनीत आहे. ज्या तुकड्यात बुडखे जास्त आणि ढिगात झाडं कमी, तिथून माल गेला."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही पंच घेऊन शेतावर गेलो. हवालदार, दोन शिपाई आणि शेतावरच्या बायका दिवसभर बुडखे मोजत होत्या, आणि शेडमध्ये सुपरवायझर ढिगांतली झाडे मोजत होता. दिवस मावळायच्या आत हिशेब समोर आला. सोळांपैकी आठ तुकड्यांतला माल एका झाडानेही कमी नव्हता. उरलेल्या आठांतून जवळजवळ चौथाई झाडे गेली होती. प्रत्येक पट्ट्यात दोहोंपैकी एकच तुकडा लुटलेला होता.

"आता बघा," गणिती म्हणाला. "सात पट्ट्यांत लुटलेला तुकडा बिनपावडरीचा. चोराला कोणता तुकडा कसला हे माहीत नसेल, तर प्रत्येक पट्ट्यात त्याचा हात कुठे पडेल ते दैवावर. रुपया उडवण्यासारखं. तुम्ही आठ वेळा रुपया उडवा, सात वेळा किंवा आठही वेळा छापा पडतो का बघा."

मी खिशातला रुपया काढून उडवला. पाच छापे, तीन काटे. पुन्हा उडवला तर चार-चार. हवालदाराला त्यात इतकी गोडी लागली, की दुसऱ्या दिवशी ठाण्यात फावल्या वेळात तो रद्दी कागदावर रेघोट्या ओढत रुपया उडवत बसला. संध्याकाळी मी विचारले, "आठ छापे पडले का?"

"इल्ला साहेब," तो म्हणाला. त्याची घरची भाषा कानडी. "एकदा सात पडले. रुपया झिजला, पण आठ काय येईनात."

गणित्याने आम्हाला गणित समजावले. आठ वेळा उडवायचे तर दोनशे छप्पन्न तऱ्हा होतात. त्यांत आठही छापे एकाच तऱ्हेने पडतात. सात किंवा आठ पडायच्या तऱ्हा नऊ. म्हणजे साधारण अठ्ठाविसांत एकदा असे नुसत्या योगायोगाने घडू शकते.

"अठ्ठाविसांत एकदा," मी म्हणालो. "ते एकदा म्हणजे नेमके हेच असले तर? यादी हातात असलेला चोर पाचव्या पट्ट्यात का चुकेल?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "ते मलाही कळत नाही. आणि कळत नसताना सोयीची गोष्ट रचून तुम्हाला सांगणार नाही." त्या क्षणापासून मला तो पोरगा आवडू लागला.

पाचवा पट्टा पुन्हा पाहावा म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. पाचव्यात दोन तुकडे, नऊ आणि दहा. लुटलेला तुकडा नऊ नंबरचा, आणि सुपरवायझरच्या वहीप्रमाणे नऊला पावडर मिळालेली. मी दहा नंबरात शिरून बांधाकडे निघालो, तशी कामावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आप्पा, बूट काढा. म्हसोबा हाय तितं."

दहा नंबरच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक दगड होता. मी बूट काढले. म्हातारी जवळ आली, दगडावरची धूळ पदराने पुसली आणि आपल्याच नादात बोलू लागली. "देवाची जागा हाय ही. तरी ह्यांनी हितं हाडं टाकाय सांगितली. जनावराची हाडं, देवाच्या म्होरं! आमी सात-आठ जनींनी पाट्या खाली ठिवल्या. म्हटलं, काम सोडू पर हितं टाकनार न्हाय."

गणिती वळला. "आक्का, मग पावडर कुटं टाकली?"

"शेजारच्यात. सायेब म्हनले, बरं, ती शेजारी टाका, हे मोकळं ऱ्हाऊ द्या."

सुपरवायझर पाठीमागेच उभा होता. त्याला सगळे कबूल करावे लागले. चिठ्ठी एकदा निघाली की बदलायची नाही, असा खात्याचा सक्त नियम. चिठ्ठीत पावडर दहाला निघाली होती, पण बायकांपुढे त्याचे काही चालेना. मग त्याने गुपचूप दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली, आपल्या वहीत बदललेलेच उतरवले आणि बेळगावला कळवले नाही. कचेरीतली यादी जुनीच राहिली.

गणिती मटकन बांधावर बसला. आधी सुपरवायझरवर चिडला. "तुम्ही माझ्या प्रयोगाची वाट लावलीत." आणि मग हसायला लागला. "आणि चोराचीसुद्धा."

मलाही तोपर्यंत उमगले होते. कचेरीतल्या यादीप्रमाणे दहाला पावडर आणि नऊ बिनपावडरीचा. ती यादी घेऊन आलेला चोर पाचव्या पट्ट्यात नऊ नंबरच लुटणार. म्हणजे त्या यादीशी ताडले, तर आठांपैकी आठही पट्टे जुळत होते. हवालदाराच्या रुपयाला दिवसभरात जे साधले नव्हते, ते इथे झाले होते.

मी लगेच बेळगावला निघालो असतो, पण गणित्याने अडवले. "आधी कागदावर लिहा, साहेब. लिफाफ्यात काय निघेल ते. लिफाफा उघडल्यावर सगळेच शहाणे होतात." मी लिहिले, 'पाचव्या पट्ट्यात नऊ बिनपावडरीचा, दहा पावडरीचा, आणि बाकीच्या सात पट्ट्यांत लुटलेला तुकडा बिनपावडरीचा.' खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या. पुढे सगळ्या नोकरीत झडतीला जाण्याआधी काय सापडेल असे मला वाटते, ते मी लिहून ठेवत असे. कितीदा चुकलो ते त्या कागदांमुळेच मला ठाऊक आहे.

बेळगावच्या कचेरीत खात्याच्या साहेबांसमोर लिफाफा काढला. लाखेच्या खाली लाखेचा आणखी एक जुना थर होता. कोणीतरी सील उचलून पुन्हा लावले होते. यादी उघडली. मी लिहिलेला कागद शेजारी ठेवला. आठ ओळी, आठही बरोबर. पंचांपैकी एक खडेबाजारातला कापडदुकानदार होता, त्याने कागदाकडे आणि मग माझ्याकडे असे पाहिले, जणू मी जादूटोणा केला आहे.

कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे असे. त्याने कानावर हात ठेवले. किल्ली टेबलावर पडलेली असते, कोणीही घेईल, म्हणाला. यादी फुटली हे सिद्ध झाले होते, पण फुटून कोणाच्या हाती गेली, हे सांगणारा एकही तोंडी पुरावा माझ्याजवळ नव्हता. एजंटावर संशय होताच. राखणदार जत्रेत गेला होता हे संकेश्वरला राहणाऱ्या माणसाला आमच्या आधी कसे कळले, हा प्रश्न मी स्वतःला पहिल्याच संध्याकाळी विचारायला हवा होता. पण त्याला बोलावून दमात घ्यावे, तर तो वकील उभा करणार. राखणदारावर केलेली दमदाटी तर माझ्या डोळ्यांसमोरच होती. या वेळी मला आरोपी उभा ठेवायचा नव्हता, तर तो आपल्या पायांनी उभा राहायला हवा होता.

युक्ती सुचली ती सुपरवायझरच्या चुकीवरूनच. आम्ही दवंडी पिटवली, की अमुक दिवशी सकाळी शेतावर प्रयोगाचे ढीग शेतकऱ्यांना दाखवले जातील. पाच-पन्नास शेतकरी जमले. एजंट नवा कोट घालून आला होता आणि सगळ्यांना विड्या वाटत होता. पंच शेतकऱ्यांतच मिसळून उभे होते. मी साध्या कपड्यांत शेडच्या खांबाला टेकलो होतो. सुपरवायझरला एवढेच सांगितले होते, की एक शब्दही खोटा बोलायचा नाही. वहीत आहे तेच वाचायचे, आणि वाचायचा तो फक्त पाचवा पट्टा.

त्याने नऊ आणि दहाचे ढीग पुढे ओढायला लावले. नऊचा ढीग लहान, दहाचा मोठा. सुपरवायझर वही धरून म्हणाला, "हा लहान ढीग नऊ नंबरचा. याला कंपनीची पावडर घातली होती. हा मोठा दहा नंबरचा. याला काही घातले नव्हते."

शेतकऱ्यांत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे पावडर टाकली की तंबाखू कमी येतोय व्हय? लई भारी खत म्हनायचं." सगळे हसले.

एजंटाचा चेहरा लाल झाला. तो पुढे आला आणि सुपरवायझरच्या हातातल्या वहीवर बोट आपटत म्हणाला, "साफ चूक. नऊ बिनपावडरीचा आहे. दहाला आमची पावडर आहे. तुमची वही चुकलीय."

"दहाला?" सुपरवायझर म्हणाला.

"दहाला, दहाला. पाचव्या पट्ट्यात पश्चिमेचा तुकडा. कचेरीत विचारा जाऊन."

मी खांबापासून पुढे झालो. "कचेरीत आम्ही विचारले," मी म्हणालो. "तिथल्या बंद यादीत तुम्ही म्हणता तसेच आहे. पण शेतात तसे नाही. पावडर नऊलाच पडली, या बायकांच्या हातांनी. त्यामुळे तुम्ही म्हणता ते फक्त एका कागदावर आहे, आणि तो कागद लाखेच्या सीलखाली होता. तो तुम्ही कधी वाचलात?"

त्याने वहीवरचे बोट उचलले आणि दोन पावले मागे सरला. पाठीमागून ती म्हातारी म्हणाली, "म्हसोबानंच बोलतं केलं त्याला." मी देवभोळा नाही, पण त्या वेळी तिच्याशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. बुटांसकट नाचावे असे वाटले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. शेतावरचा पंचनामा हेडक्लार्कपुढे ठेवला, तसे त्याने पाणी मागितले, तांब्या रिकामा केला आणि सगळे सांगितले. कंपनीत मुलाला चिकटवून देतो या बोलीवर त्याने यादी दुपारभर एजंटाच्या हवाली केली होती. मी त्याला न्यायाधीशांसमोर नेले आणि तिथे त्याने तेच पुन्हा सांगितले. संकेश्वरच्या बाहेर एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात, उसाच्या चिपाडाखाली, चोरीची झाडे देठासकट सापडली. माल नेणाऱ्या दोघा गाडीवानांनी सांगितले, की एजंटाने त्यांना नंबर लिहिलेला कागद दिला होता आणि भर दुपारी मजुरांसारखे जाऊन प्रत्येक तुकड्यातून थोडे थोडे उचलायला सांगितले होते. विकायला नव्हे, नुसते कमी करायला.

गणित्याने हाती असलेल्या झाडांवरून दर झाडामागचे वजन काढून हिशेब पुन्हा मांडला. यंत्राचे हँडल दिवसभर फिरले. दहा नंबरासकट सगळे तपासून त्याने निकाल लिहिला, की पावडरीने काही फरक पडल्याचे दिसत नाही. नऊ-दहाची अदलाबदल त्याने अहवालात पहिल्याच पानावर मांडली, सुपरवायझरने हात जोडले तरी. पाचवा पट्टा धरून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी गणित केले. निकाल तोच आला. पावडरीची एकही गाडी त्या हंगामात निपाणीत उतरली नाही.

एजंट आणि हेडक्लार्क दोघांना शिक्षा झाली आणि दोघांची रवानगी हिंडलग्याला झाली.

त्याआधी मी स्वतः हिंडलग्याला गेलो होतो, राखणदाराच्या सुटकेचा हुकूम घेऊन. शिपायाकडून पाठवला असता तरी चालले असते. तुरुंगाच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा डोळे बारीक करून उन्हाकडे पाहत होता. बायको बाहेर झाडाखाली होती. मी म्हणालो, "माझी चूक झाली. तू जत्रेचे खोटे सांगितलेस, आणि त्यावरून मी तुला चोर ठरवले."

तो म्हणाला, "मी खोटं बोललो खरा. पर तुमी दोन दिस उबं केलतं, त्ये इसरनार न्हाय, सायेब." मी म्हणालो, विसरू नकोस. मीही विसरलेलो नाही.

पुढच्या हंगामात नवा प्रयोग मांडायचा होता. या वेळी चिठ्ठ्या बंद खोलीत न काढता शेतावर, सगळ्या शेतकऱ्यांसमोर काढायच्या, असे गणित्याने खात्याकडून मंजूर करून घेतले. म्हसोबाचा तुकडा सुरुवातीलाच प्रयोगातून वगळला, बायकांना विचारून. चिठ्ठ्या काढणार कोण, असा प्रश्न आला. सुपरवायझर नको, कारण त्याला वाचता येते. मी नको, कारण मी पोलीस. गणिती इकडे तिकडे पाहत म्हणाला, "ज्याला अक्षर येत नाही आणि ज्याच्यावर कोणाचा संशय नाही, असा एकच माणूस इथे आहे."

राखणदार पुढे आला. त्याच शेतावर तो पुन्हा कामाला लागला होता, आणि आता खात्याच्या कागदावर त्याला जत्रेची रजा लिहून मिळाली होती. पितळी घागरीत हात घालण्याआधी सुपरवायझर त्याला म्हणाला, "डोळे मीट."

"कशापायी? उगडं ठिवलं तरी मला काय वाचाय येतंय व्हय?"

सगळे शेत हसले. तो एकेक चिठ्ठी काढत गेला, गणिती वाचत गेला. शेवटची चिठ्ठी निघाली तेव्हा राखणदाराने घागर उपडी करून लोकांना दाखवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, तुमीबी सही करा. तुमी सोता बगितलंय."

चिठ्ठी काढणाऱ्या हाताला कोणाचे तोंड दिसत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. मी मात्र तोंड बघून, एक खोटे पकडून, माणूस चोर ठरवला होता. तो वाचला तो आठ पट्ट्यांच्या आकड्यांमुळे आणि एका म्हातारीने पाटी खाली ठेवली म्हणून. त्यानंतरच्या माझ्या नोकरीत कोणी फार सहज गुन्हेगार सापडला, की मी खिशातला रुपया काढून टेबलावर ठेवी आणि स्वतःला विचारी, हे नुसत्या योगायोगाने किती वेळा घडले असते?

त्या कागदावर मी सही केली. माझ्या सहीच्या वर राखणदाराचा अंगठा होता.